मोजणारीच पारड्यात

"काटा खोटा आहे."

मी दचकून वजनकाट्यावरून खाली उतरले. जेवणाची सुट्टी होती, कार्यशाळेत चिटपाखरू नव्हतं, म्हणून तर मी चपला काढून गुपचूप काट्यावर उभी राहिले होते. आणि ज्या आकड्याने माझा चेहरा पडला होता, तो आकडा या माणसाने मागे उभं राहून आरामात वाचला होता.

"लोकांची वजनं चोरून बघायची सवय आहे का तुम्हाला?" मी म्हटलं.

"सवय नाही, नोकरी आहे. आणि चोरून नाही बघत, पावती देऊन बघतो."

दारात दोन कुबड्यांवर एक उंच माणूस उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, पॅन्टचा उजवा पाय गुडघ्याखाली नीट दुमडून पिन लावलेला, आणि चेहऱ्यावर असा भाव, की आता आमचा काटा जप्तच करणार.

"तुम्ही उतरलात, तरी तो शून्यावर आला नाही. बघा."

मी बघितलं. काटा खरंच शून्याच्या पुढे जाऊन निवांत बसला होता.

"म्हणजे तो दाखवतोय त्यापेक्षा तुम्ही हलक्या आहात. दीडेक किलोने तरी."

आजवर कुठल्याही पुरुषाने माझं इतकं सुरेख कौतुक केलं नव्हतं. पण लगेच विरघळायची माझी पद्धत नाही.

"नुसतं बघून सांगता?"

"काट्याकडे बघून. तुमच्याकडे नाही." मग जरा थांबून म्हणाला, "तुमच्याकडे नंतर बघितलं…"

तो वजनमापं तपासणारा सरकारी निरीक्षक होता. दुकानं, बाजार, गोदामं पालथी घालून खोटी वजनं पकडणारा. एका मोठ्या वजनकाट्यावर तपासणी चालू असताना ट्रक मागे आला आणि पाय गेला. हे त्याने मला दुसऱ्या कोणाची तरी हकिकत सांगावी तसं सांगितलं. आमच्याकडे तो नवा पाय बसवून घ्यायला आला होता. संध्याकाळपर्यंत सगळी कार्यशाळा त्याला काटेसाहेब म्हणायला लागली.

मला तिथे मोजणीताई म्हणतात. पायाचे साचे करणारे प्लास्टरकाका तेवढे 'पोरी' म्हणतात, कारण त्यांच्या मते शिकून शिकून माणूस लहानच होत जातो. त्यांच्या साच्यांच्या खोलीला लागून माझी खोली. भिंतीवर पांढऱ्या पायांची रांग, मधे एक टेबल, दोन खुर्च्या आणि माझी पट्टी.

या पट्टीबद्दल सांगायलाच हवं, कारण तिचा मला भारी अभिमान होता आणि अजून आहे. सात खाचांची लाकडी पट्टी, आणि खाचेत बसवायची एक खुंटी. कागदावर आकडे लिहायला दिले की लोक परीक्षेला बसल्यासारखे घाबरायचे, म्हणून मी काकांकडून उरलेल्या लाकडाची ही पट्टी करून घेतली. मी एकेक प्रश्न विचारायचा आणि माणसाने खुंटी लावायची. अडचणीत हाक मारावी असं कोणी आहे का? मन मोकळं करावं असं? पहिली खाच म्हणजे मुळीच नाही, सातवी म्हणजे अगदी खात्रीने.

कोणी किती मदत केली, ते मला मोजायचं नव्हतं. डबे किती आले, पैसे कोणी दिले, ते नाही. वेळ आली तर आपल्यामागे कोणी आहे असं त्या माणसाला वाटतं का, एवढंच मोजायचं होतं. घर माणसांनी भरलेलं असून एखादीला पहिल्या खाचेच्या पुढे जाता येत नाही, आणि एकटी राहणारी एखादी आजी खुशाल सातव्या खाचेत खुंटी ठोकते, कारण समोरची शेजारीण. मी हे रोज बघत होते. आणि ज्यांची खुंटी मागे राहायची, त्यांचा पाय कितीही झकास बसला तरी घरी दाराआड उभा राहायचा. काकांना तेच लागायचं. "मी पाय माणसासाठी करतो," म्हणायचे, "दारासाठी नाही."

पट्टी खरी ठरली, तर आमचं केंद्र एक कायमची जागा काढणार होतं. पायाचं माप घेतात तसं माणसाच्या एकटेपणाचंही माप घेणारी, आणि त्यावर काही करणारी जागा. पण खरी ठरण्यासाठी प्रत्येकाला दोनदा विचारायचं होतं, मधे थोडे आठवडे सोडून. त्याच माणसाचं आयुष्य तसंच असेल तर आकडाही साधारण तोच यायला हवा. ठरलेल्या गटातला शेवटचा माणूस म्हणून काटेसाहेब मिळाला. तो गळला असता तर पुढच्या तुकडीसाठी थांबावं लागलं असतं, आणि केंद्राच्या प्रमुख मॅडम आधीच रोज फोन करत होत्या.

"आणखी एक," मी त्याला नियम सांगितले. "दोन्ही वेळच्या मधे मी तुम्हाला सल्ला देणार नाही, धीर देणार नाही. जवळीक तर नाहीच."

"नाहीच?"

"मी धीर दिला आणि तुमचा आकडा वाढला, तर पट्टीने काय मोजलं? तुमचं आयुष्य, की माझा गोड स्वभाव?"

शेजारच्या खोलीतून काका म्हणाले, "गोड स्वभावाची भीती नको बाळगू, पोरी."

काटेसाहेब हसला. हसताना त्याचा डावा डोळा आधी बारीक व्हायचा, मग उजवा. हे टिपून ठेवायचं मला काही कारण नव्हतं.

मग मी प्रश्न विचारले. त्याने पहिल्या प्रश्नाला खुंटी सातव्या खाचेत लावली. दुसऱ्याला सातव्या. तिसरा प्रश्न पुरा व्हायच्या आतच सातव्या. मी शेवटचा विचारला, "आनंदाची गोष्ट घडली की आधी जिला सांगावी, अशी व्यक्ती आहे?"

"आहे की. बहीण." पुन्हा सात. "झालं? मी नशीबवान माणूस आहे, ताई."

आता खरं सांगते, माझा विश्वास बसला नाही. या नशीबवान माणसाबरोबर कधी कोणी यायचं नाही. बाकीच्यांची अख्खी वरात यायची, हा मात्र कुबड्यांना पिशवी अडकवून एकटा. बाकावर बसून एकटा डबा खायचा. बहिणीचा फोन आला की म्हणायचा, "मी मजेत. तू कशाला येतेस? अगं, मजेत आहे मी," आणि फोन ठेवला की बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत बसायचा. पण त्याला 'खरंच का?' असं विचारायची मला बंदी होती. विचारणाऱ्याने भुवई जरी उडवली तरी समोरच्याची खुंटी हलते. मी भुवया खाली ठेवल्या आणि आकडे नोंदवले.

पाय तयार झाला. समांतर दांड्यांच्या मधून चालायचा सराव सुरू झाला. दांड्यांच्या टोकाला मोठा आरसा आहे, त्यात बघत चालायचं असतं. माझ्या खोलीचं दार नेमकं त्या आरशात दिसतं. हा काही माझा दोष नाही.

"मोजणीताई, आज तुमचं दार उघडं आहे," तो आरशातूनच म्हणायचा.

"उकडतंय म्हणून."

"काल बंद होतं. काल जास्त उकडत होतं."

"तुम्ही पायाकडे बघा, नाहीतर पडाल."

"पायाकडे बघायचं नसतं असं काका म्हणतात. समोर बघायचं म्हणे… म्हणून समोर बघतोय."

मी दार लावून घ्यायचे. मग आत बसून, काही न वाचता, त्याचा नवा पाय फरशीवर टेकल्याचा आवाज ऐकायचे. एक मऊ, एक कडक. एक मऊ, एक कडक. हळूहळू मला तो आवाज इतरांच्या आवाजातून ओळखता यायला लागला, आणि मी स्वतःवरच चिडले. ज्या बाईने जवळीक नाही म्हणून बजावलं, तिचाच काटा शून्यावर येईना.

आमचा वजनकाटासुद्धा त्याने दुरुस्त करवून घेतला. एका सकाळी मला काट्यासमोर उभं केलं आणि म्हणाला, "आता चढा. आता खरं सांगेल." मी म्हटलं, तुम्ही आधी पाठ फिरवा. त्याने पाठ फिरवली. मी चढले. काटा खरंच खरं बोलत होता, आणि तरी मी हसत खाली उतरले.

"हलक्या निघालात ना?" तो पाठमोराच म्हणाला.

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. बरोबर निघालो की बरं वाटतं."

मग एके दिवशी तो दांडे सोडून मोकळ्या फरशीवर चालायला लागला आणि वळताना त्याचा तोल गेला. मी दारातच होते. हात पुढे गेला, तो काही विचारून जात नाही. त्याने भिंतीला टेकून स्वतःला सावरलं, आणि माझ्या हाताकडे बघून शांतपणे म्हणाला, "नियम आहे ना, ताई? जवळीक नाही."

मी हात मागे घेतला. नियम माझाच होता, तरी मला झोंबलं. कारण काकांनी हात दिला तरी तो हेच म्हणायचा, नुसतं "नको". मदतनिसालाही "नको". माझ्या नियमाआड तो आपलं 'नको' लपवत होता, हे मला लख्ख कळलं, आणि मला त्याचा राग आला. तेवढंच वाईटही वाटलं.

त्या दुपारी तो बाकावर डबा उघडून बसला होता. मी माझा डबा घेऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मधे एक माणूस मावेल एवढी जागा. ही काही जवळीक नव्हे.

"खोटं वजन पकडता कसं?" मी विचारलं. हा प्रश्न पट्टीवरचा नव्हता, त्यामुळे विचारायला हरकत नव्हती.

त्याचा चेहरा उजळला. आपल्या कामाबद्दल बोलताना माणूस देखणा दिसतो, तो जरा जास्तच दिसत होता. "कोणी पारड्याखाली चुंबक लावतो, कोणी नुसतं बोट लावतो," तो म्हणाला. "पण ते सोपे. पक्का लबाड कोण, सांगू? ज्याच्याकडे प्रत्येक वजन गोल येतं. किलो म्हणजे बरोब्बर किलो, दर वेळी. खरा माल असा वागत नाही हो. कधी जरा कमी, कधी जरा जास्त. खऱ्याला थोडं हलायला होतंच. सगळं गोल दिसलं की मी मुकाट्याने पारडं उचलून खाली बघतो."

मी घास तोंडात तसाच ठेवून समोर बघत राहिले, भुवया खाली. पण तो बोलता बोलता थांबला. त्याचा हात डब्यावर तसाच राहिला. मान वळवून त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं की मला माहीत आहे.

"उन्हं फार आहेत आज," तो म्हणाला.

"आहेत," मी म्हटलं.

त्यानंतर तो चार-पाच दिवस आलाच नाही. आरशात नुसतं माझंच दार दिसत होतं. काका म्हणाले, "हाही पाय दाराआड गेला वाटतं." मी त्यांच्यावर उगाच खेकसले. मॅडमचा फोन आला, "तो शेवटचा माणूस येणार आहे ना?" मी म्हटलं, येईल. हे मी मॅडमना सांगत होते की स्वतःला, कोण जाणे.

दुसऱ्या विचारण्याच्या दिवशी तो आला. कुबड्या नव्हत्या, हातात एक काठी. आणि मागून एक ठेंगणी, ठसकेबाज बाई, हातात दोन भरलेल्या पिशव्या.

"हा बघा, आणला तुमचा खोटारडा," ती आल्या आल्या म्हणाली. "मी याची मोठी बहीण. फोनवर रोज पोपटासारखा 'मी मजेत, मी मजेत'. परवा अचानक फोन करतो आणि म्हणतो, ताई, ये. एवढंच. मी कामावरून तशीच निघाले. घर बघितलं तर… जाऊ दे. मजेत म्हणे. याची मजा चुलीत घाला."

"ताई, बस कर," तो म्हणाला.

"बस कर काय? लहानपणीही हेच. ताप फणफणलेला असायचा आणि हा म्हणायचा, मला काही झालेलं नाही."

मला हसू आवरेना. पण नियम तो नियम. नातेवाईक खोलीत चालत नाहीत. बहीण बाकावर बसली, मी दार लावलं. तो खुर्चीत बसला, मी पट्टी पुढे सरकवली.

"अडचणीत हाक मारावी असं कोणी आहे असं वाटतं का?"

त्याने खुंटी उचलली. मागच्यासारखी झटकन लावली नाही. विचार केला आणि सातव्या खाचेत लावली. दुसऱ्या प्रश्नाला सहाव्या. तिसऱ्याला पुन्हा सातव्या. मी आकडे घेत होते आणि माझं मन आतून उड्या मारत होतं. जवळपास जुळत होते. आधीच्या सातांना हे सात, सहा अगदी शोभून दिसत होते. पट्टी खरी ठरत होती. मॅडम, ती जागा, काकांचे दाराआडचे पाय, सगळं जमत होतं.

शेवटचा प्रश्न राहिला होता. त्याने खुंटी हातातच ठेवली.

"थांबा," तो म्हणाला. "मागची वेळ बाद करा."

"म्हणजे?"

"मागच्या वेळी मी पारड्याखाली बोट लावलं होतं. सगळं गोल होतं ना? तुम्ही तर त्याच दिवशी ओळखलंत. तेव्हा खरं लावलं असतं, तर पहिल्या-दुसऱ्या खाचेच्या पुढे गेलो नसतो." तो खुंटी बोटांत फिरवत राहिला. "सगळे आले होते हो, पाय गेला तेव्हा. मित्र, ऑफिसचे, ताई तर राहायलाच निघाली होती. मीच सगळ्यांना म्हटलं, मजेत आहे. लोकांनी विश्वास ठेवला. मग एकदा न्हाणीघरात पडलो. फोन हाताशी होता, त्यात नंबरही ढीगभर. पण कोणाचाही लावायला बोट उठेना. दुसऱ्यांची खोटी वजनं पकडत हिंडणारा मी… तुमच्या त्या लाकडाच्या पट्टीसमोर खोटं बोललो आणि नंतर तिच्याकडे बघवेना."

बाहेर काकांचं घासकाम थांबलं होतं. कान देऊन ऐकत असणार.

"आजचे आकडे खरे आहेत," तो म्हणाला. "ताई आली. ऑफिसातल्या मित्राला मीच बोलावलं, काल तो बसून गेला. पण आधीचे खोटे आणि आत्ताचे खरे, असे जुळले तर ते जुळणं नव्हे."

कोणालाही कळलं नसतं. हे मी कबूल करते, तेवढा एक क्षण माझ्याही मनात आलं. आकडे समोर होते, जुळत होते, गट पुरा होत होता. बाद केलं तर पुन्हा पुढच्या तुकडीपर्यंत थांबा, मॅडमची बोलणी खा. पण मग मी त्याच्याकडे बघितलं. कोणाचाही हात न घेणारा हा ताठ माणूस, माझ्यासमोर बसून आपलंच वजन खोटं होतं म्हणून सांगत होता. माझं काम खरं राहावं म्हणून. मला त्याचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

"बाद," मी म्हटलं, आणि दोन्ही वेळचे त्याचे आकडे खोडले.

"मॅडम रागावतील?"

"रागावतील. मग मी त्यांना सांगेन की माझ्या पट्टीपुढे खोटं बोलून वजनमापाच्या निरीक्षकालाही चैन पडलं नाही. अशी पट्टी दुसऱ्या कोणाकडे असेल तर दाखवा म्हणावं."

तो हसला. आधी डावा डोळा, मग उजवा. मग म्हणाला, "तो शेवटचा प्रश्न राहिलाच."

"आता कशाला? तुम्ही बाद आहात."

"तरी विचारा."

मी विचारलं. वाचून नाही, तोंडपाठ होता. "आनंदाची गोष्ट घडली की आधी जिला सांगावी, अशी व्यक्ती आहे?"

त्याने खुंटी सातव्या खाचेत लावली. नीट, दाबून. "मागच्या वेळी बहिणीचं नाव घेतलं होतं. काल कुबड्या सोडून पहिल्यांदा घराबाहेर पडलो, कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. ताई शेजारीच होती. आणि मला वाटलं… हे त्या आरशातल्या दाराला सांगायला हवं." त्याचे कान लाल झाले होते. "म्हणजे मोजणारीच पारड्यात बसली, ताई. त्यामुळे तसंही मी बादच होतो."

मी पट्टीकडे बघितलं, भिंतीवरच्या पांढऱ्या पायांकडे बघितलं, शेवटी त्याच्याकडे बघितलं.

"आधी एक करा," मी म्हटलं. "मला ताई म्हणायचं बंद करा. बाहेर तुमची खरी ताई बसली आहे, गोंधळ होईल."

"मग काय म्हणू?"

"ते विचार करून सांगते. घाई काय आहे?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "आता मी तुमच्या मोजणीत नाही ना?"

"नाही."

"मग चहा?"

"तुमच्या ताई?"

"तिला विचारलंय. ती म्हणाली, आधी मला मुलगी दाखव, मग चहा." तो उठला. "तिने आत्ताच बघितलं. तिला पसंत आहे. तिचा काटा खरा आहे, मी तपासलाय."

आम्ही बाहेर आलो. बहिणीने दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता पिशव्या उचलून पुढे चालायला लागली. काका दारात उभे होते, अंगभर प्लास्टर. "पोरी," ते म्हणाले, "शेवटी एक माणूस गमावलासच ना." मी म्हटलं, हो काका, गमावला. आणि मला हसू दाबता येईना.

कार्यशाळेच्या बाहेर पायऱ्या आहेत. तो काठी टेकून वरच्या पायरीवर थांबला. काकांना नको म्हणणारा, मदतनिसाला नको म्हणणारा, मला नियम दाखवणारा तो माणूस माझ्याकडे वळला.

"हात देता?"

"तुम्हाला उतरता येतं. मी बघितलंय, आरशातून."

"येतं," तो म्हणाला. "तरी मागतोय."

मी हात दिला. मान ताठ करून दिला, सगळी कार्यशाळा बघत असेल तर बघू दे. त्याचा तळवा गरम होता, आणि त्याने खरोखरच थोडा भार माझ्यावर टाकला, उगाच देखाव्यापुरता नाही. तेवढा भार मला कळला, आणि किती होता ते मोजावंसं वाटलं नाही. आम्ही एकेक पायरी सावकाश उतरलो. त्याला घाई नव्हती, आणि मला तर मुळीच नव्हती.